नोकरीचे वतन

पात्रतेच्या जोरावर मिळायला हवे ते काम नात्याच्या किंवा ओळखीच्या जोरावर मिळाले, की त्याला वशिला म्हणतात. मराठीने या व्यवहारासाठी दोन शब्द थेट घोड्याच्या पागेतून उचलले आहेत. असा आत शिरलेला माणूस म्हणजे वशिल्याचे तट्टू, आणि अशांची संख्या वाढली की ती खोगीरभरती. खोगीर फुगीर दिसावे म्हणून आत कोंबलेल्या चिंध्या म्हणजे मूळची खोगीरभरती. युरोपीय भाषांतला नेपोटिझम हा शब्द पुतण्या-भाच्याच्या इटालियन नावावरून आला. पोप आपल्या पुतण्यांना कार्डिनल करून टाकीत. १६९२ साली बाराव्या इनोसंट पोपने ही मुभा फार तर एका नातेवाइकापुरती ठेवली.

तट्टू आत कोणी आणले याचा राग वेगळा आणि ते ओझे वाहत नाही याचा राग वेगळा. बोलताना दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात साहेबाचा भाचा उत्तम फिटर असू शकतो आणि परीक्षेत पहिला आलेला मुलगा दोन वर्षांत पाट्या टाकायला शिकू शकतो. दाराशी काय होते आणि आत काय होते, हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत ते पाहायला छत्तीसगडमधल्या भिलाईइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

सोव्हिएत मदतीने भिलाईत पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर त्या राज्यातून गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. बांधकामाच्या काळात मजुरांसाठी ज्या छावण्या पडल्या त्यांची कॅम्प-१, कॅम्प-२ ही नावे छावण्या उठल्यावरही राहिली. कारखान्याच्या कायम नोकरांसाठी आखून बांधलेल्या वसाहतीला सेक्टर म्हणतात. त्यामुळे भिलाईत पत्ता सांगितला की निम्मी ओळख होऊन जाते: सेक्टर म्हणजे क्वार्टर, कंपनीच्या शाळा, सेक्टर-९ चे मोठे रुग्णालय, कॅम्प म्हणजे ज्याचे त्याने पाहायचे.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३ पासून अनेक वर्षे भिलाईत राहून, कोक ओव्हन विभागात कामगारांबरोबर वावरून जो अभ्यास केला, त्याचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला. तिथल्या लोकांच्या तोंडचा एक भेद त्यांनी नेमका टिपला: ‘नौकरी’ वेगळी आणि ‘काम’ वेगळे. नौकरी म्हणजे कायमची, सहसा न जाणारी, निवृत्तीपर्यंत बांधलेली. काम म्हणजे आज आहे, उद्या ठेकेदार म्हणेल तसे. एकाच भट्टीवर, एकाच उष्णतेत शेजारी-शेजारी उभे असलेल्या दोघांत हा भेद असतो आणि पगारात कित्येक पटींचे अंतर असते.

सुरुवातीला या नोकरीसाठी रेटारेटी नव्हती. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी कारखान्याला बिचकत. पाया पक्का व्हावा म्हणून माणसांचे बळी देतात, अशा अफवा होत्या. जागा भरल्या त्या बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांनी. एका पिढीत चित्र उलटले. नोकरीची किंमत कळली आणि त्याच सुमारास दार अरुंद होऊ लागले. १९८० च्या दशकात खाणी धरून साठ हजारांच्या आसपास असलेली कायम कामगारांची संख्या पुढे घटत आज निम्म्याहून खूप खाली आली आहे. जागा कमी आणि तिच्यासोबत मिळणारे आयुष्य मोठे, अशा ठिकाणी वशिल्याचा बाजार भरतोच. मात्र त्या बाजारात विकला जाणारा माल खरा असतोच असे नाही.

भिलाईत ‘सोर्स’ असल्याशिवाय किंवा पैसे चारल्याशिवाय नोकरी लागत नाही, हे सर्वमान्य सत्य म्हणून सांगितले जाते. पॅरी यांनी या समजुतीचा माग काढला तेव्हा दलालांपैकी पुष्कळांच्या हाती काहीच नसल्याचे दिसले. धंद्याची रीत साधी आहे. समजा एका दलालाने दहा उमेदवारांकडून पैसे घेतले. त्यांतले दोघे स्वतःच्या गुणांवर निवडले गेले. दलाल उरलेल्या आठांचे पैसे परत करतो, वर ‘यंदा जमले नाही’ म्हणतो, आणि प्रामाणिक माणूस म्हणून नाव कमावतो. दोघांचे पैसे खिशात राहतात. निवडले गेलेले दोघेही आयुष्यभर मानतात की नोकरी पैशाने लागली, आणि धाकट्या भावाच्या वेळी त्याच दाराशी जातात. या व्यवहारात निवड समितीतल्या कोणाचा दुरान्वयेही संबंध नसतो. भ्रष्टाचार नसतानाही भ्रष्टाचारावरची श्रद्धा अशी टिकून राहते, आणि त्या श्रद्धेची झळ गुणांवर निवडल्या गेलेल्या कामगारालाही लागते, कारण सहकारी त्याच्याकडेही ‘कोणाचा माणूस’ म्हणूनच पाहतात.

दारावरचे नियम मात्र कागदावर कडक आहेत. सरकारी नोकरीत समान संधी देणारे संविधानाचे सोळावे कलम सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यालाही लागू होते. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे सक्तीचे झाले. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ त्या कार्यालयाकडून नावे मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रातही जाहिरात हवी. आज भिलाईचा कारखाना ज्या सरकारी कंपनीचा आहे त्या सेलच्या कामगार पदांसाठी आयटीआय किंवा डिप्लोमा, संगणकावरची लेखी परीक्षा आणि हाताच्या कौशल्याची चाचणी, असा क्रम असतो. केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या, कारण वशिल्याला सर्वांत सोयीची जागा म्हणजे मुलाखतीची खोली.

त्या खोलीत काय घडते याचा धडा १९६९ च्या क्रैपाक खटल्यात आहे. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळात राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि तेच उमेदवारही होते. स्वतःचे नाव निघाले तेव्हा ते बाहेर गेले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा बसून राहिले. यादीत त्यांचे नाव पहिले आले. सर्वोच्च न्यायालयाने सगळी यादीच रद्द केली. पक्षपात झालाच असे सिद्ध करण्याची गरज नाही, तशी वाजवी शक्यता दिसली तरी पुरे, हे तत्त्व या निकालाने रुजवले. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या खटल्यात, १९८५ साली, आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक उमेदवारांत होते. नातेवाइकाची मुलाखत चालू असताना संबंधित सदस्याने बाजूला व्हावे, आणि मुलाखतीचे वजन एकूण गुणांच्या १२.२ टक्क्यांहून जास्त नसावे, असे न्यायालयाने सांगितले. सर्वसाधारण उमेदवारांसाठी ते त्या परीक्षेत २२.२ टक्के होते.

यापेक्षा अवघड गाठ वारसांची आहे, कारण तिथे लपवाछपवी नसते. वडिलांच्या जागी मुलगा, ही गोष्ट कामगारांच्या वस्तीत वशिला मानलीच जात नाही. ती हक्क मानली जाते. महाराष्ट्राच्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगायला नको. पाटील, कुलकर्णी, महार, जोशी या साऱ्यांची कामे शतकानुशतके वतने होती. काम बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई, प्रसंगी गहाणही पडे. मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपले. त्याआधी, १९६० च्या अखेरीस, आंध्रातल्या एका ग्राम मुन्सफाच्या जागेवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला होता. नेमलेल्या माणसाला हटवून आधीच्या मुन्सफाच्या मुलाला पसंती दिली गेली होती. केवळ वंशाच्या आधारे दिलेली ही पसंती संविधानविरोधी ठरली. गावगाड्यातून वतन गेले, पण कल्पना गेली नाही. ती कारखान्याच्या फाटकापाशी येऊन थांबली.

रेल्वेने २००४ मध्ये सुरक्षेशी निगडित कामगारांसाठी एक योजना आणली: ठरावीक वय आणि सेवा झालेल्याने लवकर निवृत्ती घ्यावी, त्याच्या मुलाला नोकरी मिळेल. थकलेला गँगमन रुळांवर असण्यापेक्षा तरुण मुलगा बरा, हा हिशेब वाईट नव्हता. पण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिला मागच्या दाराने भरती म्हटले आणि पुढे योजना बंद झाली. अहमदनगर महापालिकेच्या चतुर्थश्रेणी कामगारांचा वाद तर अगदी घरचा. निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या वारसाला नोकरी द्यावी, असा निवाडा औद्योगिक न्यायालयाने दिला होता, उच्च न्यायालयाने तो राखला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. असे चालले तर बाहेरच्या माणसाला कधी संधीच मिळणार नाही, हे त्यामागचे कारण. याउलट महाराष्ट्रातच लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची पद्धत चालू आहे. जे काम जातीने लादले त्याची जागा वारशाने राखणे हे संरक्षण की बेडी, यावर त्या समाजातच दोन मते आहेत.

मृत्यूनंतरची अनुकंपा नियुक्ती हा या सर्वांत मान्य झालेला अपवाद. १९९४ च्या उमेशकुमार नागपाल निकालाने त्याची मर्यादा आखली: कर्ता माणूस अचानक गेल्यावर कुटुंबाला त्या संकटातून बाहेर काढणे एवढाच हेतू, आणि तोही खालच्या दोन श्रेणींपुरता. सेलचा यातला अनुभव वेगळ्या वळणाचा आहे. कंपनीने १९८९ च्या वेतनकरारातून एक कुटुंब लाभ योजना आणली. मृताच्या कुटुंबाने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कंपनीकडे ठेवायची आणि मृताच्या निवृत्तीच्या तारखेपर्यंत त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता दरमहा घ्यायचा. हे मिळते म्हणजे नोकरी देण्याची गरज नाही, असे कंपनीचे म्हणणे. बलबीर कौर खटल्यात, मे २००० मध्ये, न्यायालयाने ते फेटाळले. दरमहा मिळणारी रक्कम ही नोकरीची जागा घेऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला. कुटुंबाने रक्कम नाकारून नोकरीसाठी कोर्टाची पायरी चढावी, यातूनच त्या घराने नोकरीला काय मानले होते ते कळते.

ओळखीने काम मिळणे म्हणजे दरवेळी अन्याय, असेही मानायचे कारण नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७४ च्या अभ्यासात दाखवले की तपासलेल्या व्यावसायिकांपैकी ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून कळली होती. मुंबईच्या गिरण्यांत तर भरतीचे सगळे काम जॉबर करी. तो रत्नागिरी-साताऱ्याकडच्या आपल्या गावची, भावकीतली पोरे आणून सांच्यावर उभी करी, त्याबद्दल दस्तुरी घेई, आणि तोच त्यांच्यावर देखरेख ठेवी. जुलूम होता, लाच होती. पण एक गोष्ट त्यात होती जी नंतरच्या स्वच्छ पद्धतीत हरवली: ज्याने माणूस आणला त्यालाच त्याच्या कामाचा जाब द्यावा लागे. भाचा नीट धागा जोडत नसेल तर मामाची पत जाई. १९३५ मध्ये मालक संघाने बदली कामगारांची नोंद आपल्या हाती घेऊन जॉबरची ती सत्ता कापायला सुरुवात केली. परीक्षेने निवडलेल्या माणसाला कोणी मामा नसतो हे चांगले. पण तो काम करीत नसेल तर कोणाचीच पत जात नाही.

कोक ओव्हनच्या भट्टीत कोळसा हजार अंशांहून जास्त तापमानात तासन्‌तास भाजला जातो. कोक तयार झाला की तो ठरलेल्या वेळी ढकलून बाहेर काढावाच लागतो. त्या वेळी किती माणसे हजर आहेत याचे भट्टीला सोयरसुतक नसते. माथ्यावर झाकणे उघडायची, पुन्हा लावायची, दरवाज्याच्या कडांवरचे डांबर खरवडायचे. ही कामे थोड्या थोड्या वेळाने, सावलीत बसून दम खात करावी लागतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला निम्मी टोळी बसलेली दिसते आणि त्यात कामचुकार कोण आणि नुकताच माथ्यावरून उतरलेला कोण, हे ओळखता येत नाही. सहाच्या टोळीत चौघे आले तर काम चौघांवर पडते, भट्टी वाट पाहत नाही. पॅरी यांनी १९९९ च्या निबंधात या श्रमांचे आणि आळसाचे गणित तपशीलवार मांडले. सार्वजनिक कारखान्यातल्या कायम कामगाराला कामाचा दिवस बराच सैल मिळे, खासगी कारखान्यात तो पिळवटून निघे. शेतीतून कारखान्यात येणे म्हणजे मोकळ्या वेळेतून घड्याळाच्या तुरुंगात येणे, ही इंग्लंडच्या इतिहासावरून बनलेली समजूत भिलाईत उलटी पडली. तिथल्या शेतकऱ्याला भात लावणीपुढे कारखाना सुखाचा वाटला.

टोळीत अंग चोरले जाते यामागे स्वभावापेक्षा रचना जास्त असते. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने १९१३ साली दोर ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसे वाढली तसा दरडोई जोर घटत गेला, आठजण मिळून आठांच्या नव्हे तर चौघांच्या आसपास जोर लावत होते. कोणाचा किती वाटा ते दिसत नसले की असे होते. भिलाईत या सैल दोराचे दुसरे टोक ठेका कामगाराच्या हाती असते. कायम माणसाच्या वाट्याचे जड, घाणेरडे, धोक्याचे काम हळूहळू त्याच्याकडे सरकले. तो अपात्र आहे म्हणून कोणी त्याच्याविरुद्ध चौकशी बसवत नाही, फाटकाचा पास बंद होतो. कायम होण्याचा त्याचा मार्ग २००१ मध्ये आणखी अरुंद झाला. सेलच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कंत्राटी पद्धत एखाद्या कामात बंद झाली तरी त्या कामावरचे मजूर आपोआप कंपनीचे होत नाहीत. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या अशा मजुरांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी, जे स्वतः एके काळी पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये कामाला होते, त्यांचा २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाउस स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला.

कायम कामगार काम करीत नसेल तर त्याला काढता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. काढता येते, पण कागद लागतात. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत रजेशिवाय दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी, वारंवार उशिरा येणे आणि कामात नेहमीची हयगय, ही सारी गैरवर्तने म्हणून नोंदलेली आहेत. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असली तरी रीत तीच: आरोपपत्र, खुलासा, चौकशी, शिक्षा. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि नंतर बहुधा तीन चतुर्थांश. चौकशीला फाटा देता येत नाही. इतके दिवस गैरहजर राहिल्यास नाव आपोआप कमी होईल, अशा नियमावर बोट ठेवून एका कारखान्याने कामगाराला काढले. १९९३ मध्ये डी. के. यादव खटल्यात न्यायालयाने ते रद्द केले, कारण त्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नव्हते. अधिकाऱ्यांच्या वार्षिक शेऱ्यांबाबत २००८ च्या देव दत्त निकालाने प्रत्येक शेरा कळवणे बंधनकारक केले. तोवर ‘चांगला’ हा शेराही बढती अडवू शकत होता आणि माणसाला ते ठाऊकही नसे.

अडचण कायद्यापेक्षा फोरमनच्या मेजावर जास्त असते. वीस वर्षे तोंडी ओरडणाऱ्याच्या फायलीत एकही लेखी समज नसते, आणि एकविसाव्या वर्षी कारवाई सुरू झाली की युनियनचा पहिला प्रश्न तोच असतो. शिवाय काम न करणारा प्रत्येकजण एका जातीचा नसतो. एकाला काम येत नाही: त्याला शिकवावे लागते किंवा जागा बदलावी लागते. एकाला येते पण करायचे नाही: त्याच्यासाठी आरोपपत्र आहे. तिसऱ्याच्या घरी दारू, कर्ज किंवा आजारपण आहे. त्याची हजेरी टोळीतले सोबती सांभाळतात, आणि तेच त्याला वर्षानुवर्षे सावरताना स्वतः थकतात. अशा सोबत्याने साहेबाकडे तक्रार केली तर वस्तीत तोंड दाखवता येत नाही, कारण संध्याकाळी पाण्याच्या नळावर आणि लग्नाच्या पंगतीत गाठ त्याच माणसाशी असते. म्हणून ज्या टोळ्यांत कामाची वाटणी पाटीवर नावानिशी लिहिली जाते तिथे तक्रारीची वेळ कमी येते. पाटी वाचायला चुगली लागत नाही.

नेमणारा आणि उमेदवार नातेवाईक असतील तर प्रश्न आणखी नाजूक होतो. केंद्रीय सेवकांच्या १९६४ च्या आचारनियमांत आपल्या पदाचा वापर करून कुटुंबातल्या कोणालाही कंपनीत नोकरी मिळवून देण्यास बंदी आहे. खासगी कंपनीत मालकाने पुतण्याला नेमणे बेकायदा नाही. मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकाच्या नातेवाइकाला दरमहा अडीच लाखांहून जास्त वेतनाचे पद द्यायचे तर सर्वसाधारणपणे भागधारकांची मंजुरी लागते. त्याखालच्या पगाराचे पुतणे त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, आणि छोट्या कारखान्यांत पुतणे बहुधा त्याखालच्याच पगाराचे असतात.

माणूस कामाचा आहे की नाही हे स्वस्तात कळण्याचा एकच काळ असतो, तो सुरुवातीचा. सेलमध्ये कामगार पदावर घेतलेल्याला आधी दोन वर्षे प्रशिक्षणार्थी म्हणून काढावी लागतात आणि ती समाधानकारक झाली तरच तो श्रेणीत बसतो. तोवर त्याला घरी पाठवायला दीर्घ खातेचौकशीची गरज नसते. याच दोन वर्षांत फोरमनला त्याच्या कागदावर सही करायची असते.